पेटीत नसलेली विहीर

अण्णा कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी दुकानदाराला एक प्रश्न विचारत. किमतीचा नव्हे, वॉरंटीचा नव्हे. "ही मरते कशी?" मिक्सर असो, छत्री असो, नाहीतर ऑफिसची खुर्ची. दुकानदार कन्नड असला तर कन्नडमध्ये: "इदु हेगे सायुत्ते?" बहुतेक दुकानदार हसत, काही चिडत. जो नीट उत्तर देई, म्हणजे "सार, आधी दांडा जातो, कापड टिकतं" असं काही, त्याच्याकडून अण्णा वस्तू घेत आणि घासाघीस करत नसत. पुतणीला स्थळ आलं तेव्हा पोहे यायच्या आधीच त्यांनी मुलाकडच्यांना विचारलं, मुलाचे आजोबा कशानं गेले. त्यानंतर वैनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांना कुठल्याच बघण्याच्या कार्यक्रमाला नेलं नाही.

ते स्ट्रक्चरल इंजिनिअर होते. इमारत दिसेल कशी ते आर्किटेक्ट ठरवतो. ती उभी कशी राहील ते अण्णांसारखी माणसं ठरवतात, आणि त्यांचं नाव कुठल्या पाटीवर नसतं. मूळचे निपाणीकडचे. घरात मराठी, ऑफिसात कन्नड, साइटवर तमीळ आणि तेलुगूची मोडतोड. जयनगरात एका घराच्या वरच्या मजल्यावर आमचं सात माणसांचं ऑफिस होतं. नवऱ्याची बदली बंगलोरला झाली तेव्हा मी तिथे टायपिंगसाठी लागले आणि बघता बघता पगार, पत्रव्यवहार, वीजबिल आणि लोकांची भांडणं हे सगळं माझ्याकडे आलं. मी अण्णांहून बरीच लहान, तरी ते मला अक्का म्हणत. त्यामुळे सगळं ऑफिस अक्का म्हणू लागलं. हल्ली माझा नवराही कधीकधी म्हणतो.

मरणाचा तो प्रश्न त्यांच्या धंद्यातून आला होता. ते म्हणत, "इमारत उभी कशी करायची ते कॉलेजात शिकवतात. ती पडणार कशी, ते कुणी शिकवत नाही. ते आपण ठरवून ठेवायचं असतं." बीमवर भार जास्त झाला तर आतलं लोखंड आधी ताणलं जावं, मग बारीक तडे दिसावेत, मग एखादं दार अडकायला लागावं. घरातल्या बाईनं ते नवऱ्याला सांगावं, नवऱ्यानं दुर्लक्ष करावं, आणि तरीही पळायला वेळ उरावा, अशी त्यांची हिशेबाची पद्धत होती. "आधी कुरकुरावं, मग पडावं." न कुरकुरता पडणाऱ्या इमारतीला ते संस्कार नसलेली इमारत म्हणत.

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम लाल पेन्सिल असे. वैनी म्हणायच्या, यांचा एकही शर्ट मी डागाशिवाय बोहारणीला दिला नाही. नकाशा ऑफिसात ट्रेसिंग कागदावर शाईनं काढला जाई. त्यावरून निळ्या छापाच्या प्रती निघत. अण्णा साइटवर जात ते त्यातली एक प्रत घेऊन. जमीन खोदली की कागदावर नसलेलं काहीतरी निघतंच. कुठे खडक, कुठे कुणीतरी बुजवलेला खड्डा, कुठे जुन्या तळ्याची भर. बंगलोरातली निम्मी घरं कुठल्यातरी तळ्याच्या काठावर नाहीतर पोटात आहेत. मग अण्णा तिथेच विटांच्या ढिगावर कागद पसरत, लाल पेन्सिलीनं बदल करत, आणि मेस्त्री त्याप्रमाणे काम करी. ती मळलेली प्रत घडी होऊन ऑफिसात परत येई आणि गठ्ठ्यात बांधून माळ्यावर जाई. मूळ ट्रेसिंग मात्र कोरं, देखणं, जसंच्या तसं राही. ते कुणी बदलत नसे, कारण लाल प्रत होती आणि अण्णा होते. अशीच पद्धत होती आणि ती वर्षानुवर्षं नीट चालली.

नव्वदनंतर एकेक करून संगणक आले. प्रत्येकाचं मशीन वेगळं, प्रत्येकाची डिस्क वेगळी. नकाशे फ्लॉपीवरून या टेबलावरून त्या टेबलावर फिरत, आणि शेवटचा खरा नकाशा कुणाकडे यावरून रोज वाद होत. ते वाद माझ्याकडे येत. एकदा गिरीशचं मशीन सकाळी चालूच झालं नाही आणि एका शाळेच्या इमारतीचं सगळं काम त्याच्याबरोबर गेलं. गिरीश आमच्याकडचा धारवाडचा तरुण इंजिनिअर, हुशार आणि घाईचा. तो सारखा सांगत होता, सर, काल तर नीट होतं. अण्णा त्या डिस्ककडे बघत म्हणाले, "कुरकुरली नाही. संस्कार नाहीत."

त्याच सुमाराला ते जिना चढून आले की खुर्चीत बसून राहू लागले. बोलत नसत, हातानं थांबा म्हणत. मी डॉक्टरांकडे जायला सांगितलं, वैनींनी सांगितलं, शेवटी मी वेळ ठरवून त्यांना गाडीत घालून नेलं. फियाट त्यांची होती, पण ती मी चालवत असे. ते चालवताना दोन्ही बाजूंच्या सज्जांकडे बघत आणि पुढे बघत नसत. हृदय मोठं झालेलं आणि थकलेलं निघालं.

आमच्याकडे निर्णय घ्यायचा असला की 'बाय टू' होई. एक कॉफी, दोन पेले. कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात. त्या दिवशी अण्णांनी अर्धी कॉफी घेतली आणि म्हणाले, "डॉक्टर बरा आहे. विचारलं तर नीट सांगितलं. एकतर पाय सुजतील, दम वाढेल, सावकाश. नाहीतर एक दिवस एकदम. दुसरं होऊ नये म्हणून गोळ्या." मग ते म्हणाले, "माझ्यामागं सात घरं चालली पाहिजेत, अक्का. आज सगळं माझ्या डोक्यात आहे आणि उरलेलं सात मशीनांत. सगळं एका जागी आणा. मरणार नाही असं नको. मरेल कसं ते कळेल असं बघा."

म्हणून आम्ही सगळ्या मशीनांतले नकाशे एका जागी ठेवायची पेटी शोधायला निघालो. तेव्हा ही गोष्ट नवी होती आणि विकणाऱ्यांनाही ती फारशी कळलेली नव्हती. पहिला आला तो टाय लावलेला, मोठ्या कंपनीचा. कपाटाएवढा सर्व्हर, त्याला वेगळी खोली, वेगळा एसी, वर सांभाळायला माणूस. अण्णांनी त्यांचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, सर, हे कधी बंदच पडत नाही. अण्णांनी त्याला कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. "मरत नाही म्हणतात ना, त्याचा अर्थ यांनी अजून मेलेलं बघितलं नाही, एवढाच." दुसरा एस. पी. रोडवरचा दुकानदार. तो साधंच मशीन जोडून देणार होता. त्यानं खरं सांगितलं, दोन वर्षांत काहीतरी जाईल, मग मला बोलवा, मी येतो. अण्णांना तो आवडला. पण म्हणाले, "मशीनबरोबर तूही टिकायला पाहिजेस की रे. तुझं काय खरं?" दुकानदार म्हणाला, तेही खरं सार. दोघं हसले आणि सौदा झाला नाही.

तिसरी रेवती नावाची बाई होती. तिच्याजवळची पेटी पावाच्या दोन लाद्यांएवढी. तिला पडदा नाही, कळफलक नाही. भिंतीतली तार लावली की ऑफिसातल्या सगळ्या मशीनांना ती दिसणार. आत दोन डिस्क, दोन्हींवर तेच. एक गेली तर दुसरी आहे. अण्णांनी विचारलं, मरते कशी. रेवती खुर्चीत नीट बसली आणि सांगू लागली. आधी पंखा जाईल, आवाज येईल. मग एखादी डिस्क, ती टकटक करेल, लाल दिवा लागेल. दोन्ही डिस्क एकाच लॉटच्या असल्या तर जवळजवळ एकदम जाऊ शकतात.

"मग वेगळ्या लॉटच्या द्या," अण्णा म्हणाले. "आणि आग लागली तर?"

"तर सगळंच जाईल, सर. त्याला यात औषध नाही. टेपवर उतरवून घ्या आणि ती टेप ऑफिसात ठेवू नका." मग ती म्हणाली, "आणि एक. तुम्ही चुकीचं ठेवलंत तर ही चुकीचंच ठेवेल. दोन्हीकडे. तितकंच सांभाळून."

अण्णा हसले. म्हणाले, ते माणसाचं काम, ते आम्ही बघू. पेटी तिच्याकडूनच घेतली. बसवल्या दिवशी गिरीशला एक नकाशा उघडायला सांगितला आणि पेटी चालू असताना स्वतःच्या हातानं एक डिस्क बाहेर ओढली. कुणीतरी "अय्यो" म्हणालं. लाल दिवा लागला, शिट्टी वाजली, आणि पडद्यावरचा नकाशा जागचा हलला नाही. अण्णांनी ती डिस्क तळहातावर घेतली, कोमट होती, आणि समाधानानं म्हणाले, "कुरकुरते." महिन्याची टेप माझ्याकडे आली. मी ती बिस्किटांच्या डब्यात घालून घरी नेई आणि स्वयंपाकघरात साखरेच्या वरच्या फळीवर ठेवी. तिथे मुंग्या येतात, पण पोरं डबा उघडत नाहीत.

पुढचे काही महिने ऑफिसात उत्साह होता. जुन्या इमारतींची ट्रेसिंग काढून मुलं ती संगणकावर उतरवत होती. ट्रेसिंग स्वच्छ होतं, रेघ न् रेघ दिसत होती. मळलेल्या प्रतींवरून कोण काढील? शिवाय माळ्याला ओल आली होती. गठ्ठे सोडले तर कागदाला आतून वाळवीनं भोकं पाडलेली. अण्णांनी एक गठ्ठा हातात घेतला, तो मधोमध तुटला. "कागद कसा मरतो ते ठाऊक आहे मला. पण हा बाहेरून दाखवत नाही," ते म्हणाले. मी विचारलं, थोडे ठेवू या का? त्यांनी मान हलवली. "दोन जागी ठेवलं की माणूस दोन्हीकडे बघत नाही. आता पेटी आहे." रद्दीवाला टेम्पो घेऊन आला. अण्णा सज्जात उभं राहून गठ्ठे खाली जाताना बघत होते आणि खुशीत होते. घर झाडून झाल्यावर माणूस असतो तसे.

मग एक दिवस बनशंकरीहून औषधाच्या दुकानाचे एक मालक आले. त्यांचं घर अण्णांनीच केलेलं, बरंच जुनं. मुलगा अमेरिकेहून परतणार होता, वर दोन मजले चढवायचे होते. पूर्वी असं गिऱ्हाईक आलं की माळ्यावर माणूस चढवावा लागे. गिरीशनं दोन कळा दाबल्या आणि नकाशा पडद्यावर आणला. मालक थक्क झाले. गिरीशही मिरवत होता, बघा सर, किती वर्षांपूर्वीचं काम, एका मिनिटात. अण्णा त्याच्या पाठीमागं खुर्ची ओढून बसले होते. चष्मा वर करून त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"विहीर कुठाय?"

गिरीशला कळलं नाही. त्यानं नकाशा मोठा केला, लहान केला. मालक म्हणाले, कसली विहीर, आमच्याकडे बोअर आहे. अण्णा म्हणाले, "ईशान्य कोपरा. खोदताना दगडी विहीर लागली. बुजवली, पण तिच्यावर पाया नाही घेतला. कोपरा अधांतरी ठेवला. तिथं वर काही चढवायचं नाही. मी लाल केलं होतं."

"ट्रेसिंगवर नव्हतं सर," गिरीश म्हणाला.

ट्रेसिंगवर नसणारच. लाल कधीच ट्रेसिंगवर नसे. ते प्रतीवर होतं, आणि प्रती मी माझ्या डोळ्यांनी टेम्पोत चढताना पाहिल्या होत्या. ऑफिसातल्या सगळ्यांना एकेक करून ते उमगत गेलं. पेटीचा पंखा तेवढा ऐकू येत होता. मालकांना अण्णांनी शांतपणे सांगितलं, की त्या कोपऱ्यावर काही होणार नाही, बाकीचं तपासून कळवतो. ते गेल्यावर त्यांनी कॉफी मागवली. बाय टू म्हणाले नाहीत. पूर्ण पेला आला, तो तसाच निवला.

त्यांचा पहिला प्रश्न पेटीबद्दल नव्हता. पेटी आल्यापासून कुणाकुणाला जुने नकाशे छापून दिले, हे त्यांनी विचारलं. तसे थोडेच होते. मी आणि गिरीशनं एकेकाला गाठून कागद परत आणले. लोकांनी कुरबुर केली, पण दिले. एक राहिला. विजयनगरच्या बाजूचे एक घरमालक. त्यांनी कागद दुसऱ्या इंजिनिअरकडे नेला होता आणि वरचा मजला बांधूनही झाला होता. त्या घराचा मागचा भाग तळ्याच्या भरावावर होता. अण्णांना ते नाव घेताच आठवलं.

मी त्यांना तिथे घेऊन गेले. त्यांना जिना चढवेना, म्हणून मालक खाली येऊन गाडीच्या खिडकीशी उभे राहिले. वरच्या कठड्यावर मुलींचे कपडे वाळत होते. मागच्या खोल्या गारमेंट कारखान्यातल्या मुलींना भाड्यानं दिल्या होत्या.

मालक म्हणाले, "सार, कागद तुमचा, शिक्का तुमचा. आता तुम्हीच खोटा म्हणता?"

"खोटा नाही. अपुरा आहे."

"स्लॅब टाकायच्या आधी यायचं होतं."

"हो," अण्णा म्हणाले. मग त्यांनी हात खिडकीबाहेर काढून त्यांचं मनगट धरलं. "मागच्या खोल्या रिकाम्या करा. निदान एक लक्षात ठेवा. मागचं एखादं दार अडकायला लागलं, तर त्याच दिवशी सगळ्यांना बाहेर काढा. दार आधी बोलतं."

मालक मान डोलवत सरी सार, सरी सार म्हणाले. त्यांनी खरोखरच मुलींना काढलं. काही महिने खोल्या रिकाम्या होत्या, हे मी दोनदा जाऊन पाहिलं.

त्यानंतर अण्णांच्या हाती एकच काम उरलं. पेटीत असलेल्या जुन्या इमारतींची लाल पेन्सिल आठवून परत घालायची. त्यांनी मला दोन फोल्डर करायला लावले. एक 'पाहिलेली', एक 'न पाहिलेली'. सुरुवातीला सगळ्या इमारती दुसऱ्यात. एकेक उघडायची, आठवायची, गिरीशनं ते लाल रंगात नकाशावर चढवायचं, मग इमारत पहिल्यात हलवायची. काम उरकायला किती वेळ आहे ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, म्हणून त्यावर कुणी बोलत नसे.

त्यांची आठवण नकाशावरून चालत नसे, हे मला तेव्हा कळलं. नकाशा समोर ठेवला तर ते नुसते बघत राहत. मग विचारत, तिथं मेस्त्री कोण होता? समोर काय होतं? आणि मग एकदम: समोर एक इडलीवाली बसायची, तिच्या पातेल्याला रस्त्याची धूळ लागायची, त्या दिवशी पंप लावून पाणी उपसत होते, म्हणजे पाणी होतं, म्हणजे पश्चिमेचा पाया मी खाली नेला. लिही गिरीश. कधी एका इडलीवरून तीन पाये निघत. आठवेना तेव्हा मी गाडी काढी. गल्लीत घरासमोर गाडी उभी करून ते काच खाली करून बसत. घरातले लोक संशयानं बघत. काही घरं ओळखू येत नसत, पुढे दुकानं निघालेली, वर पत्र्याची शेड चढवलेली. शेड बघून ते मला पत्ता टिपायला सांगत. त्या लोकांना आम्ही कळवलं. किती जणांनी ऐकलं, ठाऊक नाही.

गिरीश एकदा वैतागला. एका घराबद्दल अण्णांना काही केल्या आठवेना. तो म्हणाला, सर, सगळीकडे सुरक्षित धरून लिहून टाकू ना, कोपरा कमजोर आहे, काही चढवू नका. कुणाचं नुकसान होणार नाही. अण्णांनी त्याच्या हातातून माउस काढून बाजूला ठेवला.

"अंदाजानं लाल लावायचं नाही. एकदा अंदाजाचं लाल लावलंस की खऱ्या लालवरचाही विश्वास जाईल. आठवत नसेल तर 'न पाहिलेली'त राहू दे. निदान ते तरी खरं आहे."

गिरीशनं ते घर 'न पाहिलेली'त तसंच ठेवलं. अण्णांनी थोड्या वेळानं त्याला विचारलं, रेवतीनं सांगितलं होतं, तू होतास ना तिथं? तो हो म्हणाला. "सगळं सांगितलं होतं तिनं," अण्णा म्हणाले. "मरते कशी, ते सगळं. मी यंत्राचंच ऐकत बसलो."

पाय सुजू लागले. चपला बसेनात, मग ते कापडी सपाता घालून येत. मग जिना बंद झाला आणि आम्ही त्यांच्या घरी एक मशीन नेलं. वैनी पलंगाशेजारी खुर्चीवर बसून त्यांना घरांची नावं वाचून दाखवत. वैनींना त्यातलं काही कळत नव्हतं, पण कुठल्या साइटवरून नवरा किती उशिरा जेवायला आला होता ते त्यांच्या पक्कं लक्षात होतं, आणि त्याचाही उपयोग झाला. एका संध्याकाळी मी निघताना अण्णांनी विचारलं, "अक्का, किती उरली?"

मी खरं सांगितलं. अर्ध्याहून बरीच कमी, पण उरली होती.

"ती कशी पडतील ते मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "तुम्ही लक्ष ठेवा."

दोन दिवसांनी सकाळी वैनींनी कॉफीचे दोन भाग केले. अर्धा पेला अण्णांनी घेतला, पेला खाली ठेवला आणि गेले. डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन्ही पद्धतींनी, असं म्हणता येईल. आधी कुरकुरले, आणि शेवटी एकदम. आम्ही ऑफिस एक दिवस बंद ठेवलं. गिरीशला त्यांचा फोटो पेटीच्या वर लावायचा होता. मी नको म्हणाले. त्या भिंतीला ओल होती.

पुढच्या पावसाळ्यात विजयनगरच्या त्या घराचा मागचा कोपरा बसला. मालकानं खोल्या परत भाड्यानं दिल्या होत्या. एक मुलगी रात्रपाळी करून दिवसा झोपली होती, भिंत तिच्यावर आली. ती गेली. बाकीच्या कामावर होत्या. पोलिसांनी गिरीशला आणि मला बोलावलं. आम्ही सगळं सांगितलं, ट्रेसिंगचं, लाल पेन्सिलीचं, रद्दीचं, आणि अण्णा गाडीत बसून काय बोलले तेही. तिथेच मला त्या मुलीच्या खोलीतली मैत्रीण भेटली. ती म्हणाली, मागचं दार पंधरवडाभर अडकत होतं. मुलींनी मालकाला सांगितलं होतं. मालकानं सुतार बोलावून दार तासून घेतलं.

इमारत अण्णांनी ठरवल्याप्रमाणेच पडली होती. आधी बोलली होती. बरेच जण मला म्हणाले, बरं झालं, हे ऐकायला ते नव्हते. मला तसं वाटलं नाही. ते असते तर दर आठवड्याला मला त्या दारासमोर गाडी उभी करायला लावली असती. वैनींनी एकदाच विचारलं, ते घर यांचं होतं का? मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही.

ऑफिस चाललं. सात घरं चालली. गिरीश आता सही करतो, आणि त्याच्या हाताखालची मुलं त्याला भितात. साइटवरून आलेलं लाल त्याच दिवशी नकाशावर चढल्याशिवाय आमच्याकडे कुणी घरी जात नाही. पेट्या कितीतरी बदलल्या. दर वेळी नवी घेताना मी विकणाऱ्याला विचारते, ही मरते कशी. अलीकडे येणारी मुलं सांगतात, मॅडम, आता सगळं वर क्लाउडमध्ये असतं, मरायचा प्रश्नच नाही. त्यांना मी कॉफी देते.

आणि दर वेळी जुन्या पेटीतून नव्या पेटीत तो फोल्डरही जातो. 'न पाहिलेली'. नवीन मुलं विचारतात, अक्का, हे कुणी उघडत नाही तर कशाला ठेवायचं? मी सांगते, राहू दे. त्यातलं एकही घर मी कधी छापू दिलेलं नाही. ती घरं कुठे आहेत ते मला पाठ आहे. रिक्षा त्या बाजूनं जात असली की मी गल्लीतून घ्यायला सांगते आणि कोपरे बघते. कुणी मालक दारात दिसला तर उतरून विचारते, दारं नीट लागतात ना? लोक मला वेडी समजतात, त्याला इलाज नाही. घर पाडलं गेलं की मी ऑफिसात येऊन त्याचा नकाशा त्या फोल्डरमधून काढून टाकते. तो फोल्डर लहान व्हायचा दुसरा कुठलाही मार्ग नाही. बंगलोर जुनी घरं भराभर पाडतं. या बाबतीत मी शहराची आभारी आहे.

परवा बसवनगुडीत त्यातल्या एका घरासमोर जेसीबी दिसला. हे तेच घर, ज्याबद्दल अण्णांना काही केल्या आठवलं नव्हतं आणि ज्यावरून त्यांनी गिरीशच्या हातातला माउस काढून घेतला होता. मी रिक्षा सोडली आणि समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. भिंती गेल्या, जोतं गेलं, मग एकेक कोपरा उकरला. चारही कोपरे होईपर्यंत मी थांबले. खाली विहीर नव्हती. खडक नव्हता, भर नव्हती. साधी लाल माती होती.

मी ऑफिसात आले, फोल्डर उघडला आणि ते नाव काढून टाकलं.